चौथ्या खांबाचे अश्रू

१

लाकूड कधीच खोटं बोलत नाही. डॉ. लिंडक्विस्ट यांच्या चारशे पानी ग्रंथाची ही पहिली ओळ. पहिली असल्यामुळे ती प्रोजेक्टवरच्या सगळ्यांना पाठ होती. दुसऱ्या ओळीत काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेनऊला त्याच डॉ. लिंडक्विस्ट चौथ्या खांबापाशी आल्या. त्यांनी टेप लावली, टॉर्च मारला, गुडघे टेकून खांबाचा पाय न्याहाळला आणि उठता उठता जाहीर केलं, "हा खांब खोटा आहे."

हे ज्या चर्चमध्ये घडलं, आणि ज्यावर तो ग्रंथ होता, ते आखातातल्या जबल अली बंदराजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं. उत्तर युरोपातल्या एका खेड्यात १६९४ साली पाइनच्या ओंडक्यांचं हे चर्च बांधलं गेलं. मग कुणी त्याला घंटेचा मनोरा चढवला, कुणी आत माडी काढली, कुणी भिंती पांढऱ्या रंगवल्या, तर कुणी तो रंग पुन्हा खरवडला. असं करता करता गावात अकरा माणसं उरली, आणि त्यांतली चार चर्चला जात नव्हती. तेव्हा इथल्या एका हौशी अरबाबने, म्हणजे अरब शेठने, ते विकत घेतलं. एकेक लाकूड नंबर घालून सुटं झालं, कंटेनरमधून बंदरात उतरलं, आणि आता लाकडाचं म्युझियम म्हणून पुन्हा जोडलं जात होतं. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत एसीने अठरा. चर्चच्या खिडक्या उघडल्या की समोर पत्रा दिसायचा. आत मात्र जुन्या मेणबत्त्यांचा वास अजून होता. तीनशे वर्षं जिथे प्रेतं आणून ठेवली, तिथे उभं राहून सेफ्टी हेल्मेट घालावं की काढावं, हे कुणालाच कळत नसे.

मनोऱ्याचं वजन चार खांबांवर होतं. तिघांबद्दल तक्रार नव्हती.

"माझा खांब कुणीतरी चोरला आहे," डॉ. लिंडक्विस्ट म्हणाल्या, "आणि त्याच्या जागी नक्कल उभी केली आहे."

तेवढ्यात वरून, मनोऱ्याच्या काळोखातून, एक लांबलचक कण्हणं ऐकू आलं. वर कुणीच नव्हतं.

२

"उर्मिलाताई, एक इन्सिडेंट रिपोर्ट टाइप करा," प्रोजेक्ट मॅनेजर रामचंद्र वझे म्हणाले. "सस्पेक्टच्या कॉलममध्ये टाका, खैरुद्दीन परकार, हेड कारपेंटर."

उर्मिला सामंत या कंपनीत चोवीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होती. म्हणजे ड्रॉइंग आलं की नंबर घालायचा, गेलं की नोंद करायची, आणि हरवलं की आपण हरवलं नाही हे सिद्ध करायचं. डिटेक्टिव्हचं काम याहून फारसं वेगळं नसतं, फक्त त्यांना खुर्ची बरी मिळते.

"चाचांचं नाव का?"

"खांब त्याने बसवलेत."

"चारही त्यांनीच बसवलेत. मग तिघांच्या बाबतीत प्रामाणिक आणि चौथ्याला चोर?"

"अहो, तो गुरुवारी फायनल एक्झिटवर, कायमचा घरी चाललाय! एकतीस वर्षांनी. नेमक्या ह्याच आठवड्यात. कोइन्सिडन्स वाटतो तुम्हाला?" वझेसाहेबांनी आवाज खाली आणला. "बुधवारी दहाला अरबाब येणार. त्याआधी आठला रिपोर्ट पोलिसांत. आपले हात क्लीन. खलास."

पोलिसांत कागद गेला की खैरुद्दीनचाचांवर ट्रॅव्हल बॅन लागणार होता. मग केस चालेल तितके महिने, नाहीतर वर्षं, विमान त्यांच्याविना उडत राहणार. चाचांनी एकदा चहा पिताना उर्मिलाला हिशेब सांगितला होता. फिरदोसशी लग्नाला एकतीस वर्षं झाली. सगळ्या सुट्ट्या मिळून दोघं एका छपराखाली राहिली ती तीन वर्षं नऊ महिने. दाभोळला त्यांनी घरासमोर स्वतः बाक बनवून ठेवला होता. दोघांनी बसायचा. त्यावर आजवर फक्त फिरदोस बसली होती, आणि मांजर.

"अटॅचमेंट काय लावू?" उर्मिलाने विचारलं.

"कसली?"

"खांब सव्वातीन मीटर लांब आणि दोन माणसांना न पेलणारा. शेडला गेट एकच. खांब गेला असेल तर गेटपास पाहिजे, आणि खोटा आला असेल तर डिलिव्हरी नोट. कॅमेऱ्याचं फुटेज पाहिजे. माझ्या रजिस्टरला यातलं काहीही नाही. अटॅचमेंटशिवाय माझ्याकडून पेपर जात नाही, सर. तुमच्या लग्नाच्या ॲनिव्हर्सरीच्या रजेचाही गेला नव्हता."

वझेसाहेबांना तो प्रसंग आठवला असावा. ते म्हणाले, "बुधवार आठपर्यंत वेळ आहे तुम्हाला. यल्ला, लागा कामाला."

३

दुपारी एक ते दोन फायर अलार्मच्या टेस्टिंगसाठी शेडचे दिवे बंद होते. उर्मिला मोबाइलचा टॉर्च लावून चर्चमध्ये शिरली. बाहेर भर दुपार असताना आत इतका गडद अंधार असावा, हे तिला मुळीच पटलं नाही. जमिनीच्या फळ्या तिच्या प्रत्येक पावलाला उत्तर देत होत्या आणि ती थांबली तरी एखादं उत्तर उशिरा येत होतं.

चौथ्या खांबापाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं.

"कोण आहे?"

"म्या, मॅडम. समाधान."

समाधान जालन्याकडचा, चाचांच्या हाताखालचा गडी, चाळिशीतला. त्याची मूठ बंद होती.

"हातात काय आहे?"

मूठ उघडली. पिवळी पूड होती. सकाळीच डॉ. लिंडक्विस्टनी खांबाच्या पायाशी अशीच पिवळी पूड शोधून पाकिटात भरली होती. 'नवं लाकूड जुनं दिसावं म्हणून वापरलेलं रसायन' असं त्यावर लिहून पाकीट लॅबला गेलंही होतं.

"हळद आहे, मॅडम. किराणा दुकानातली. म्या काय बी केलं न्हाई."

"खांबाला हळद कशाला?"

"हा खांब रडतो म्हणून." त्याने घाबरत बोट दाखवलं. "बाकीचे तीन बी रडत्यात, पर त्यांचं पाणी खाली जातं. ह्याचं बघा."

उर्मिलाने टॉर्च वर धरला. खांबात जुने लोखंडी खिळे होते, आणि प्रत्येक खिळ्यापासून गंजाचा एक तांबूस ओघळ निघाला होता. शेजारच्या खांबावर असेच ओघळ खिळ्यापासून जमिनीकडे उतरलेले होते. या खांबावर मात्र एकूण एक ओघळ खिळ्यापासून निघून छताकडे गेला होता. वर जाता जाता ते बारीक होत होते, गालावरचा अश्रू सुकत जावा तसे.

"पोरं म्हनत्यात, तिकडचा पाद्री आलाय संगं," समाधान कुजबुजला.

मनोरा पुन्हा कण्हला. या वेळी दोनदा. समाधानची हळद सांडली, आणि उर्मिला तिथून निघाली ती वयाला न शोभणाऱ्या वेगाने.

४

"आंटी, प्लीज! पाद्री-बिद्री काही नाही," नौशीन म्हणाली. नौशीन सरखोत साइट आर्किटेक्ट होती. मूळची श्रीवर्धनची, वाढलेली इथल्या करामा वस्तीत. त्यामुळे मराठी आईकडून, हिंदी गल्लीतून आणि इंग्लिश सगळीकडून. "बर्फातलं लाकूड ड्राय एसीत आणलंय. ते श्रिंक होतंय. जॉइंट्स आवाज करतात. सिंपल."

"आणि वर जाणारे ओघळ?"

"फेक. ज्याने खांब बनवला त्याने गंज पेंट केला असणार, आणि चुकला."

"डॉक्टरबाईंचा पुरावा काय?"

नौशीनने १९११ साली केलेल्या मोजणीचं ड्रॉइंग पसरलं. "दोन गोष्टी. त्या काळच्या सुताराने प्रत्येक खांबाच्या पायाशी कुऱ्हाडीने तीन घाव घालून आपली खूण केलीये. तिघांवर आहे. चौथ्याच्या पायाशी नाही. दुसरं म्हणजे कठड्याच्या खुंटीचं भोक. ड्रॉइंगमध्ये जमिनीपासून एक मीटर पंचवीस सेंटिमीटरवर. इथे भोक आहे दोन मीटरवर. कठडा अजून बसवला नाही म्हणून आधी लक्षात आलं नाही. आता सांगा, खरा खांब असता तर भोक वर चढलं कसं?"

उर्मिलाने दोन्ही आकडे हातावर लिहून घेतले आणि खाली सुतारांच्या शेडकडे गेली.

खैरुद्दीनचाचा आपली हत्यारं तेल लावून फडक्यात गुंडाळत होते. गुरुवारची तयारी.

"चाचा, तुमच्यावर काय आळ आलाय, कळलं ना?"

"कळला, बाय."

"तुम्ही खांब बदललात?"

"नाही."

"बाहेर नेलात?"

"सव्वातीन मीटरचा खांब? मला तर गेटवाला स्वतःचा डबा बाहेर न्यायला देत नाही."

"मग त्या खांबाला काही केलंत का?"

चाचांच्या हातातली पटाशी फडक्यात अर्धी गुंडाळलेली राहिली.

"माझ्या बापाने दाभोळात साठ घरं उभी केली," ते शेवटी म्हणाले. "त्याने एक शिकवलं. घरात सुताराला काय दिसलं, ते घरमालकाला सांगायचं नाही. सांगितलं की तो त्या घरात झोपत नाही. गपचूप दुरुस्त करायचं आणि विसरायचं."

"चाचा, तुम्ही बोलला नाहीत तर गुरुवारी विमानात बसणार नाही."

"आणि बोललो तर दुसरा कुणीतरी नोकरीवर राहणार नाही. तू जा, बाय. चहा घेऊन जा."

पलीकडे समाधान लाकडं रचत होता. त्याच्या हातातली फळी खाली पडली.

५

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी उर्मिला जेवणाच्या टेबलावर हात उघडा ठेवून बसली. तळहातावर १.२५ आणि २.००. मुलगी अनन्या लॅपटॉपवरून मान वर न काढता म्हणाली, "ममा, इट्स जस्ट वुड. लेट इट गो."

"गो झालं नाही, हाच तर घोळ आहे," उर्मिला म्हणाली. "गेटपास नाही."

तिने चोवीस वर्षांच्या सवयीने एकेक कागद पुढे घेतला. खांब बाहेर गेल्याची नोंद नाही. दुसरा आत आल्याचीही नाही. मग सरळ हिशेबाने, जो खांब आला तोच उभा आहे. आता नक्कल करणाऱ्याचा विचार करू. तीनशे वर्षांपूर्वीचं तासकाम इतकं हुबेहूब करणारा माणूस गंजाचे ओघळ रंगवताना ते वर जातात की खाली, एवढं विसरेल? इतका हुशार आणि इतका बावळट माणूस एकाच अंगात राहत नाही. तिने वझेसाहेबांचा क्षणभर विचार केला, पण त्यांना सुतारकाम येत नव्हतं.

म्हणजे ओघळ खरे आहेत. खऱ्या पाण्याने, खऱ्या खिळ्यातून, तीनशे वर्षं उतरलेले. पाणी त्या देशातही खालीच वाहत असणार; गुरुत्वाकर्षणाला कुठलाच व्हिसा लागत नाही.

तिने हातावरचे दोन आकडे पुन्हा वाचले, त्यांची बेरीज केली, आणि ताटातली आमटी निवेपर्यंत त्या उत्तराकडे बघत राहिली.

मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ती साइटवर पोचली. साडीवर सेफ्टी हार्नेस कसा चढवतात याची कंपनीकडे प्रोसीजर नव्हती. तिने ती तिथल्या तिथे तयार केली आणि शिडीवर चढली. वर थंडी जास्त होती. मेणबत्त्यांचा वासही. मनोऱ्याच्या तोंडाशी, जिथे जोडणी झाल्यापासून कुणी बघायला गेलं नव्हतं, तिने टॉर्च लावला.

कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी कण्हलं. उर्मिलाने डोळे मिटले, शिडी घट्ट धरली आणि डोळे पुन्हा उघडले.

ती जे शोधायला आली होती, ते तिथे होतं.

६

बुधवारी आठ वाजता मीटिंग रूममध्ये पाच माणसं बसली होती आणि चाचा उभे होते. त्यांना खुर्ची होती. ते बसत नव्हते. समाधान बसला होता, पण त्याच्याकडे पाहून तसं वाटत नव्हतं.

"रिपोर्ट?" वझेसाहेबांनी हात पुढे केला.

"आणलाय. सस्पेक्टचा कॉलम रिकामा आहे, कारण चोरीच झाली नाही." उर्मिलाने एक प्रिंट टेबलावर ठेवली. खांबाच्या वरच्या टोकाचा फोटो. त्यात कुऱ्हाडीचे तीन घाव. "डॉक्टर, तुमची खूण गेली नाही. ती वर आहे. आणि भोक जमिनीपासून दोन मीटरवर सापडलं, कारण पूर्वी ते एक पंचवीसवर होतं. दोन आणि सव्वा, सव्वातीन. खांबाची लांबी किती?"

"सव्वातीन," नौशीन म्हणाली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "ओ माय गॉड. तो अपसाइड डाउन आहे!"

"म्हणून ओघळ वर जातात. खांब रडतबिडत नाही. डोक्यावर उभा केलाय, एवढंच."

डॉ. लिंडक्विस्टनी फोटो ओढून घेतला. वझेसाहेबांना मात्र निराळंच सुचलं. "म्हणजे चूक याचीच! उलटा बसवला! इट इज वर्स! हेरिटेज टॅम्परिंग!"

"उलटा नाही बसवला," खैरुद्दीनचाचा म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलत होते, आणि सावकाश. "उलटा होता. मी सरळ केला."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"लाकडातली गाठ बघा. फांदी झाडाला जिथे फुटते तिथे तिचं तोंड वर असतं. ह्या खांबाच्या गाठी खाली बघत होत्या. म्हणजे शेंडा खाली, बुंधा वर. झाडाला असं डोक्यावर उभं करत नाहीत, साहेब. ज्या घरात उलटा खांब, त्या घरात माणूस राहत नाही. तिथे अकराच उरली होती ना? मी बसवताना बघितलं आणि क्रेनच्या साखळीला टांगून फिरवला. दोन्ही टोकं सारखी तासलेली, म्हणून बसला." त्यांनी समाधानकडे पाहिलं नाही. "मी एकट्याने."

"येकट्यानं कसा फिरंल?" समाधान उठून उभा राहिला. "साखळी म्या वढली. लिवा माझं बी नाव."

"खाली बस रे!"

"न्हाई बसत!"

उर्मिलाने नौशीनला खुणावलं. नौशीनने डॉ. लिंडक्विस्टना चाचांचं सगळं बोलणं इंग्रजीत समजावलं. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते रागासारखं सुरू होऊन दुसऱ्याच ठिकाणी पोचलं.

"१६९४ मध्ये एकच खांब उलटा?" त्या पुटपुटल्या. "चारांतला एकच?"

उर्मिलाने तेवढ्यात, अगदी सहज, विचारलं, "डॉक्टर, हे चर्च कुठल्या संताच्या नावाचं आहे?"

"सेंट पीटर," डॉ. लिंडक्विस्ट म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या. "सेंट पीटर! ज्याला उलटं क्रुसावर चढवलं! त्या सुताराने मुद्दाम एकच खांब उलटा ठेवला! संताची आठवण म्हणून! तीनशे वर्षं कुणालाच कळलं नाही!"

"दुसरी आवृत्ती काढावी लागेल मग," उर्मिला म्हणाली. "त्यात शोध कुणी लावला हेही येईल ना? पोलिसांत कागद गेला तर ह्या दोघांना बोलायला मनाई होईल. केस संपेपर्यंत."

डॉ. लिंडक्विस्टनी वझेसाहेबांकडे असं पाहिलं की त्यांनी रिपोर्टचा फॉर्म आपणहून फाडला. तो फाटताना वरून, बंद छतापलीकडून, मनोरा एकदा कण्हला. कुणीही वर पाहिलं नाही.

मनोऱ्याला जॅकचा टेकू देऊन दहाच्या आत खांब पुन्हा उलटा करण्यात आला. चाचांनीच केला. गाठी खाली, ओघळ खाली, खूण पायाशी. अरबाब आले, त्यांनी सेंट पीटरची गोष्ट दोनदा ऐकली, खांबावर हात ठेवला आणि तिथे पितळी पाटी लावायला सांगितलं: जगातला एकमेव उलटा खांब.

७

गुरुवारी उर्मिलाने चाचांना स्वतःच्या गाडीतून एअरपोर्टला सोडलं. दोन बॅगा आणि हत्यारांचं एक बोचकं. वजन करून झालं, पासपोर्टवर कुणी बोट ठेवलं नाही, स्क्रीनवर कुठलंच नाव लाल झालं नाही. चाचांनी फिरदोसला फोन लावला आणि, "निघतो," एवढंच म्हणून बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला.

"चाचा," उर्मिला म्हणाली, "तो खांब पुन्हा उलटा करताना तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"मालकाला आता माहीत झालं. त्याचं तो बघेल." त्यांनी बोचकं खांद्यावर घेतलं. "पण त्या बाईला सांगू नको हां, बाय. एवढी खूश झाली होती."

"काय सांगू नको?"

"चारही उलटेच होते. तिकडे तशीच पद्धत असेल."

मागून रांगेतल्या कुणीतरी ट्रॉली पुढे ढकलली.

"मग तुम्ही एकच का सरळ केलात?"

"त्या दिवशी क्रेन दुपारी बारापर्यंतच होती," खैरुद्दीनचाचा म्हणाले आणि आत गेले.